टोपड्याचं माप

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, पाण्याचे ड्रम, शेळ्या आणि लेकरं चढतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं एवढीच उरलेली असतील. तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. या कोयत्यांमधल्या काही बायका गरोदर असतात. त्यांचे दिवस भरतात ते फडावर, आणि बाळंतपण होतं कोपीत किंवा कारखान्याजवळच्या एखाद्या दवाखान्यात.

नवजात बाळाच्या डोक्याच्या मापाविषयी लिहायचं असताना सुरुवात ऊसतोडीपासून का केली, ते पुढे उलगडेल. आधी एवढंच सांगतो की मायक्रोसेफली, म्हणजे वयाच्या मानाने बाळाचं डोकं फार लहान असणं, ओळखायला दोन गोष्टी लागतात. एक टेप, आणि दुसरं आधीचं माप. टेप पाच-दहा रुपयांना मिळते. अवघड आहे ती दुसरी गोष्ट.

०००

झिका हे नाव आपल्याकडे घरोघर पोहोचलं ते २०२४च्या पावसाळ्यात. जूनच्या उत्तरार्धात पुण्याच्या एरंडवणे भागात एकाच घरातल्या दोघांना झिकाची लागण झाल्याचं निदान झालं आणि मग शहराच्या निरनिराळ्या भागांतून रुग्ण सापडत गेले. वर्ष संपेपर्यंत देशात १५१ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले १४० एकट्या महाराष्ट्रातले होते. बहुतेक पुणे शहरातले, पण अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरलाही रुग्ण सापडले. बीडचा आष्टी तालुका त्याच जिल्ह्याला लागून आहे. रुग्णांत गरोदर स्त्रियांचं प्रमाण मोठं होतं. याचा अर्थ डास गरोदर बायकांनाच शोधून चावत होते असा नव्हे. तपासण्या मुख्यतः त्यांच्याच होत होत्या. साथीतला कुठलाही आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण जिथे शोधावं तिथेच सापडतं.

महाराष्ट्रातला पहिला रुग्ण मात्र त्याच्या तीन वर्षं आधीचा. जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रक्ताचे नमुने तपासले तेव्हा बहुतेकांना चिकुनगुन्या, काहींना डेंग्यू आणि एका महिलेला झिका निघाला. एकाच गावात, एकाच पंधरवड्यात तिन्ही आजार. तिघांचा वाहक एकच, एडिस जातीचा, दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास. तिन्ही आजारांत ताप, अंगदुखी, पुरळ ही लक्षणं थोड्याफार फरकाने सारखी. त्यात झिकाची लागण झालेल्या पाचांपैकी साधारण चौघांना काहीही जाणवत नाही. ज्यांना जाणवतं त्यांचाही आजार चार-सहा दिवसांत ओसरतो. माणसं मरत नाहीत, दवाखाने भरत नाहीत. असा विषाणू गावात येऊन गेला तरी पत्ता लागत नाही.

तो भारतात येऊन गेला असावा अशी शंका फार जुनी आहे. युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात १९४७ साली पाळतीसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात हा विषाणू प्रथम सापडला. पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झालं १९५२ साली. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. स्मिथबर्न, केर आणि गटणे या तिघांनी भारतातल्या रहिवाशांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं तपासून १९५४मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यात १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात झिकाला रोखणारी प्रतिद्रव्यं आढळली होती. ती खरोखर झिकाचीच होती, की डेंग्यूसारख्या त्याच्या भाऊबंदांची, हे आज ठरवता येत नाही. या गोंधळाकडे पुन्हा यावं लागणार आहे.

०००

झिकाचा आणि बाळाच्या डोक्याचा संबंध मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हता. तो लागला ब्राझीलमध्ये, २०१५ साली. ईशान्य ब्राझीलच्या रेसिफे शहरात व्हॅनेसा व्हॅन डेर लिंडेन या बालमेंदूविकारतज्ज्ञ. त्यांची आईही त्याच शाखेतली डॉक्टर. ऑगस्टच्या सुमारास व्हॅनेसा यांच्याकडे फार लहान डोक्याची बाळं एकामागोमाग येऊ लागली. आईला विचारलं तर तिच्याकडेही तेच. एरवी असं बाळ क्वचित दिसायचं. रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा, सायटोमेगॅलो अशा नेहमीच्या संशयितांच्या तपासण्या नकारार्थी येत होत्या, मेंदूच्या सीटी स्कॅनमधलं चित्र या आजारांशी जुळत नव्हतं, आणि बऱ्याच आया सांगत होत्या की गरोदरपणात अंगावर पुरळ उठलं होतं. त्या वर्षी त्या भागात झिकाची साथ येऊन गेली होती. नोव्हेंबरमध्ये ब्राझील सरकारने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि त्याच महिन्यात अॅड्रियाना मेलो या डॉक्टरबाईंनी पाठवलेल्या गर्भजलात झिका सापडला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली.

इथून पुढची गोष्ट टेपेची आहे, आणि बीडसाठी सर्वांत उपयोगाची तीच आहे.

ब्राझीलने सगळ्या प्रसूतिगृहांना सांगितलं की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरला तर संशयित म्हणून कळवा. एकही बाळ निसटू नये हा हेतू. पाहता पाहता आकडा हजारांत गेला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत छापला गेला. डिसेंबरात सरकारने मर्यादा ३२ वर आणली. मार्च २०१६मध्ये मुलग्यांसाठी ३१.९ आणि मुलींसाठी ३१.५ केली. त्यानंतर काही महिन्यांनी गर्भाच्या आठवड्यांनुसार बदलणारा तक्ता स्वीकारला. त्यात ३७ आठवडे पूर्ण झालेल्या मुलग्यासाठी ३०.५ आणि मुलीसाठी ३०.२च्या आसपास मर्यादा येते. वर्षभराच्या आत मोजपट्टी तीनदा बदलली. बाळं तीच होती.

हा वरकरणी किरकोळ फरक केवढा मोठा आहे, ते हिशेब करून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार जन्मतः मुलग्याच्या डोक्याचा मधला घेर ३४.५ सेंटिमीटर आणि मुलीचा ३३.९. सुदृढ बाळांची मापं या मध्याभोवती दोन्हीकडे पसरलेली असतात. शंभरातली दोन-अडीच बाळं निव्वळ नैसर्गिक फरकामुळेच मुलग्यांत ३१.९ आणि मुलींत ३१.५च्या खाली जातात. गावात काही माणसं फार उंच, काही फार बुटकी असतात, तसंच हे. आता एका जिल्ह्यात वर्षाला ४० हजार बाळं जन्मतात असं समजा. हा आकडा बीडचा नाही, हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. ३१.९ आणि ३१.५ची मर्यादा लावली तर झिका नसतानाही नऊशेच्या वर बाळं 'संशयित' ठरतील. ३२ लावली तर दीड हजारावर. आणि ३३ लावली तर जवळपास सात हजार, म्हणजे दर सहा बाळांमागे एक. ब्राझीलमध्ये जानेवारी २०१६च्या अखेरीस संशयितांची संख्या पावणेपाच हजारांवर गेली होती. त्यांपैकी सुमारे अकराशे बाळांची तपासणी पुरी झाली तेव्हा ४०४ पक्की ठरली, उरलेली वगळली गेली. पेलोटास विद्यापीठाचे सीझर व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच फेब्रुवारीत 'लॅन्सेट'मध्ये हा हिशेब मांडला. साथ खोटी आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. मेंदूची मोठी हानी झालेली शेकडो बाळं डोळ्यांसमोर होती. पण खरी वाढ किती आणि शोधाशोधीने फुगलेला आकडा किती, हे त्यांना वेगळं करायचं होतं.

ते करता येईना, कारण साथीपूर्वीच्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या. साथीआधी ब्राझीलमध्ये मायक्रोसेफलीची नोंद दहा हजार जन्मांत एकाहूनही कमी होती. तक्त्याच्या हिशेबाने फार लहान डोक्याची बाळं याहून कितीतरी जास्त असायला हवीत. म्हणजे ती आधीही जन्मत होती, फक्त कोणी लिहीत नव्हतं. हा आरसा ब्राझीलचा असला तरी त्यात आपलंही तोंड दिसतं.

हे आकड्यांचं प्रकरण कोरडं वाटेल, पण ३३च्या मर्यादेत अडकलेल्या प्रत्येक सुदृढ बाळामागे एक आई होती. तिला सांगितलं गेलं होतं की बाळाच्या मेंदूत दोष असू शकतो, स्कॅनसाठी शहरात या. ती आई आष्टीची किंवा परळीची आहे अशी कल्पना करा. सासरी आधीच चर्चा सुरू झालेली असेल की ग्रहणात हिनं विळी हातात धरली होती. बाळात काही कमी दिसलं की आपल्याकडे बोट पहिल्यांदा आईकडे जातं. शहरातल्या डॉक्टरने महिन्याभराने बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी गावाने एकदा दिलेलं नाव सहजी पुसलं जात नाही. उलट बाजूला, खरोखर बाधित असलेलं बाळ 'बारीक चणीचं आहे, भरेल हळूहळू' म्हणून घरी गेलं, तर त्याला पहिल्या दोन वर्षांत मिळायला हवे होते ते फिजिओथेरपी, चष्मा, श्रवणयंत्र, फिट्सवरची औषधं हे सगळं हुकतं. दोन्हीकडची चूक सारखीच महाग आहे.

०००

म्हणून माप नीट घ्यायला हवं. कृती साधी आहे, पण तिचे बारकावे आहेत. टेप न ताणणारी हवी. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून सैल पडते आणि अर्धा सेंटिमीटर सहज खाते. बाळाचं टोपडं, कुंची काढायची. टेप समोर भुवयांच्या किंचित वरून, दोन्ही बाजूंना कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असतो तिथून फिरवायची. घट्ट, पण रुतणार नाही अशी. तीनदा मोजायचं आणि सर्वांत मोठं माप लिहायचं, तेही मिलिमीटरसकट. '३२' असं गोळाबेरीज माप लिहिलं तर ते ३१.६ होतं की ३२.४, हे नंतर कोणी सांगू शकत नाही. आणि वर पाहिलं तसं, सगळा निवाडा त्या अर्ध्या सेंटिमीटरवरच होतो.

मोजायचं कधी? जन्मल्याबरोबर नव्हे. बाळ चिंचोळ्या वाटेने येताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, डोकं लांबुळकं होतं, कधी वर सूज येते. आपल्या आज्या बाळाला राळ्याच्या उशीवर निजवतात, मालिश करताना डोकं हळुवार गोल करतात, ते याच लांबुळक्या डोक्यासाठी. म्हणून जन्मानंतर २४ तास उलटल्यावर आणि पहिल्या आठवड्याच्या आत मोजावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण खाटा कमी असल्या की दुसऱ्या दिवशीच आई घरी जाते. मग मोजणार कोण?

याचं उत्तर महाराष्ट्रानेच शोधून ठेवलेलं आहे, वेगळ्या कारणासाठी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे तीच पद्धत देशभर आली. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिसरा आणि सातवा दिवस डोकं मोजायला अगदी योग्य. तिच्या पिशवीत वजनकाटा असतोच. वजनाला आपल्या आरोग्यव्यवस्थेत जी शिस्त लाभली ती डोक्याच्या घेराला कधी लाभली नाही. अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावरही वजन आणि उंची असते, डोकं नसतं. मेंदूची सर्वाधिक वाढ ज्या दोन वर्षांत होते, नेमक्या त्याच दोन वर्षांत आपण मेंदूच्या पेटीचं माप घेत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आता बीडची खास अडचण. वर दिलेली मापं पूर्ण दिवसांच्या बाळाची आहेत. पस्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला तीच लावली तर निरोगी बाळ दोषी ठरेल. त्यासाठी आठवड्यांनुसार तक्ता आहे. तो आठ देशांतल्या आठ ठिकाणी गरोदरपणाच्या सुरुवातीपासून स्त्रियांची नोंद ठेवून तयार झाला. व्हिक्टोरांचं पेलोटास त्यांत आहे आणि आपलं नागपूरही. म्हणजे तक्ता परदेशातून आलेला वाटला तरी त्यात विदर्भातल्या बाळांची डोकी मोजलेली आहेत. पण तो वापरायला बाळ किती आठवड्यांचं हे माहीत हवं आणि त्यासाठी पाळीची तारीख किंवा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हवी. फडावर असलेल्या बाईकडे पुष्कळदा दोन्ही नसतं. 'पोळ्याच्या आसपास चुकली' एवढ्यावर हिशेब लावावा लागतो आणि त्यात तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो.

शिवाय आपल्याकडे मुळातच कमी वजनाची बाळं पुष्कळ. आईचं पोट भरलेलं नाही, रक्त कमी आहे, सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी आहे. तिचं बाळ सगळंच बारीक असतं. तरीही पोटात अन्नाची टंचाई झाली की शरीर रक्ताचा ओघ आधी मेंदूकडे वळवतं, त्यामुळे अशा बाळाचं अंग सुकलेलं आणि डोकं त्या मानाने बऱ्यापैकी, असं चित्र दिसतं. डोकं अंगाच्याही मानाने लहान दिसलं तर मात्र थांबून पाहायला हवं.

०००

माप कमी भरलं म्हणजे निदान झालं असं नाही. निदान तिथून सुरू होतं.

आधी एक घरगुती गैरसमज दूर करू. टाळू लवकर भरली म्हणून डोकं वाढलं नाही, असं पुष्कळजण मानतात. बहुतेक वेळा घडतं ते उलटं. कवटी स्वतःहून मोठी होत नाही. आतला मेंदू वाढतो, तो ढकलतो म्हणून कवटीची हाडं पसरतात. मेंदूच वाढायचा थांबला तर टाळू लवकर बुजते. हाडांचे सांधेच वेळेआधी जुळण्याचा एक वेगळा आजार आहे, पण त्यात डोक्याचा आकार वेडावाकडा होतो आणि तो शस्त्रक्रियेने सुधारता येतो. झिकात याहून भयानक गोष्ट घडते. तो विषाणू वाढत्या मेंदूच्या बीजपेशींवरच हल्ला करतो. काही बाळांत मेंदू तयार होता होता आतून ढासळतो आणि त्यावरची कवटी खाली बसते. हाडांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या हाताला लागतात आणि डोक्याच्या कातडीला जादा कापडासारख्या चुण्या पडतात. अशा बाळाला टेप लावायचीही गरज नसते.

झिकाची म्हणून पाच लक्षणं वैद्यकाने निश्चित केली आहेत. कवटी बसलेली अतिलहान डोकी, मेंदूचा पातळ झालेला थर आणि त्याखाली चुन्याचे ठिपके, डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी व्रण, जन्मतः आखडलेले सांधे किंवा वाकडी पावलं, आणि अंगाचा ताठपणा. यांतल्या चुन्याच्या ठिपक्यांची जागा फार बोलकी असते. सायटोमेगॅलो विषाणूत ते मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने असतात, टॉक्सोप्लाझ्मात सगळीकडे विखुरलेले, आणि झिकात मुख्यतः मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर. रेसिफेच्या डॉक्टरांना स्कॅन पाहून खटकलं होतं ते हेच. टाळू उघडी असेल तोवर तिच्यातून साध्या सोनोग्राफीनेही मेंदू पाहता येतो. त्यासाठी बाळाला सीटी स्कॅनचे किरण द्यायची घाई नको.

बाकीचे संशयितही सोडून चालत नाही. रुबेला आपल्याकडे गेलेला नाही. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम नोव्हेंबर २०१८मध्ये झाली, पण आज आई होणाऱ्या पुष्कळ जणी त्या वेळी लसीच्या वयात नव्हत्या. रुबेलात डोळ्यांत मोतीबिंदू आणि हृदयात दोष असतो. सिफिलिस, जन्मताना गुदमरणं, हीही कारणं आहेत. आणि मराठवाड्यात एक नाजूक प्रश्न विचारावाच लागतो, तो म्हणजे नवरा-बायको आधीपासून नात्यातली आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न ही इथली जुनी रीत. काही प्रकारच्या मायक्रोसेफलीत आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलं असतं आणि नात्यातल्या लग्नात तसा योग जास्त जुळतो. अशा घरात आधीचंही एखादं मूल तसं असू शकतं. हा प्रश्न डॉक्टरने खाजगीत, आरोपाचा सूर न लावता विचारायचा असतो. वॉर्डात सगळ्यांदेखत विचारला तर खरं उत्तर मिळत नाही आणि आईला आणखी एक दोष चिकटतो.

राहिली प्रयोगशाळा. विषाणूचा अंश प्रत्यक्ष शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी सर्वांत खात्रीची, पण आईच्या रक्तात तो साधारण आठवडाभर आणि लघवीत त्याहून थोडा जास्त काळ सापडतो. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात लागण झाली आणि बाळ नवव्या महिन्यात जन्मलं, तर बहुतेक वेळा आईच्या रक्तात काही उरलेलं नसतं. मग प्रतिद्रव्यं पाहायची. आणि इथे १९५४चा तोच पेच पुन्हा उभा राहतो. झिका आणि डेंग्यू एकाच कुळातले, त्यांची प्रतिद्रव्यं एकमेकांना ओळखतात, आणि डेंग्यू मराठवाड्यात वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे. ज्या बाईला मागच्या वर्षी डेंग्यू झाला तिची झिकाची चाचणी चुकून होकारार्थी येऊ शकते. ते सोडवण्यासाठी विषाणू प्रत्यक्ष वाढवून प्रतिद्रव्यं त्याला किती रोखतात हे पाहावं लागतं आणि ते पुण्याच्या संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणीच होतं. बाळाच्या बाबतीत एक सोय आहे. आयजीएम प्रकारची प्रतिद्रव्यं आईकडून वार ओलांडून बाळाकडे येत नाहीत. ती बाळाच्या रक्तात किंवा पाठीच्या पाण्यात सापडली तर ती त्याची स्वतःची, म्हणजे लागण त्याला झालेली. मात्र नमुना जन्मानंतर लगेच, पहिल्या काही दिवसांत घ्यायला हवा.

हे सगळं जन्माआधी कळणार नाही का, असा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. कळू शकतं, पण उशिरा. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत डोकं ठीक दिसतं आणि अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्यात मागे पडलेलं सापडतं, असं अनेकदा होतं. तोवर २४ आठवडे उलटून गेलेले असतात. २०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्याने गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही गर्भपाताची वाट ठेवली आहे, पण ऊसतोडीवरच्या बाईने ती वाट चालायची म्हणजे किती दारं, याचा अंदाज बीडच्या माणसाला सांगायला नको. आणि सोनोग्राफी या शब्दालाच बीडमध्ये एक काळी सावली आहे. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे इथे ८०७ मुली होत्या. त्यानंतर यंत्रांवर कडक नजर आली, ती यायलाच हवी होती. पण त्याच यंत्राची गरोदर बाईला आता एका रास्त कामासाठी गरज आहे, आणि ती गरज कोपीजवळ भागत नाही.

लागण झालेल्या प्रत्येक आईचं बाळ बाधित होतंच असं नाही, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने अशा शंभर बाळांपैकी पाच ते पंधरांत काहीतरी दोष दिसतो. अहवाल होकारार्थी आला म्हणून घाबरून चुकीच्या दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बाईला हा आकडा वेळेवर कोणीतरी सांगायला हवा.

०००

दुष्काळी भागात डासांचा आजार कसा, असं विचारणारे लोक मला भेटले आहेत. एडिसला गटार लागत नाही, स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. जिथे टँकर आठ दिवसांनी येतो तिथे घरोघर ड्रम, रांजण, हौद भरून ठेवलेले असतात. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी पडलं की फुटतात. टोळीबरोबर प्रवास करणारा ड्रम रिकामा असला तरी त्याच्या कडेला काय चिकटलंय ते दिसत नाही.

मोजण्याने काय होतं, ते बीडने एकदा पाहिलेलं आहे. ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जातात ही कुजबुज वर्षानुवर्षं होती. २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी साडेतेरा हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. कुजबूज होती तोवर ती नाकारता येत होती. आकडा आला, मग विधिमंडळात उत्तर द्यावं लागलं.

डोक्याच्या घेराचंही तसंच. २०१७मध्ये अहमदाबादचे झिकाचे पहिले रुग्ण जाहीर झाले तेव्हा केंद्र सरकारने सांगितलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ५५ ठिकाणी मायक्रोसेफलीवर लक्ष आहे आणि वाढ दिसलेली नाही. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला होता. ५५ ठिकाणं देशाच्या मानाने मूठभर आहेत. 'वाढ नाही' हे वाक्य खात्रीने म्हणायला आधीचा आकडा हवा, तो साथ नसलेल्या वर्षांत जमवावा लागतो. अंबाजोगाईला ग्रामीण भागातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय पन्नास वर्षांपासून उभं आहे. तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचं माप, आठवडे आणि वजन पाच वर्षं नीट लिहून ठेवलं तरी मराठवाड्याच्या बाळांचा स्वतःचा आधार तयार होईल. यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. टेप, पेन आणि रोजचा कंटाळा सोसण्याची तयारी लागते, आणि ही तिसरी वस्तू सरकारी खरेदीत मिळत नाही, हे मान्य.

आधीचं माप आणखी एका अर्थाने हवं असतं, त्या एका बाळासाठी. ब्राझीलमध्येच नंतर अशी बाळं आढळली की ज्यांचं डोकं जन्मतः ठीक होतं, पण पोटात लागण झालेली होती, आणि पुढच्या महिन्यांत त्याची वाढ मंदावत गेली. अशा बाळाला जन्माच्या दिवशीची टेप फसवते. निरोगी मुलग्याचं डोकं पहिल्या तीन महिन्यांत साडेचौतीसवरून साडेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास जातं, म्हणजे महिन्याला दोन सेंटिमीटर. आज शिवलेलं टोपडं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतही पुरत नाही, हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे. ते टोपडं पुरून उरत असेल तर आजीलाही शंका यायला हवी.

पण समजा, बाळ जानेवारीत कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या परिसरात जन्मलं. तिथल्या दवाखान्यात परिचारिकेने माप घेतलं, कन्नडमध्ये लिहिलेल्या वहीत नोंदवलं. चौथ्या दिवशी आई कोपीवर आली, महिन्याभरात फडात. तिसऱ्या दिवशी येणारी आशाताई दोनशे कोस दूर, धारूरच्या तिच्या गावात. पट्टा पडला, एप्रिलमध्ये टोळी परतली. मे महिन्यात उपकेंद्रावर लसीसाठी आणलेलं ते चार महिन्यांचं बाळ सिस्टरला जरा बारीक डोक्याचं वाटलं. तिने टेप लावली. माप मध्याच्या बरंच खाली आहे, पण मर्यादेच्या जरासं वर. तिला आता एकच गोष्ट हवी आहे, जन्माच्या वेळी ते किती होतं. आईच्या पिशवीत माता-बाल संरक्षण पत्रिका आहे, पावसाने भिजून वाळलेली. सिस्टर ती उघडते. वजन लिहिलेलं आहे, दोन किलो चारशे. त्यापुढे डोक्याच्या मापाचा एकही आकडा नाही.